आतड्याच्या बायोप्सीतल्या मेलेल्या पेशी: चिमट्यापासून मोजणीपर्यंत

कोलोनोस्कोपीच्या चिमट्यातून आतड्याचा जो तुकडा निघतो, तो ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान, दोन-तीन मिलिमीटरचा असतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या जुनाट दाहाच्या आजारांच्या (दोन्हींचे एकत्रित नाव आयबीडी) रुग्णात पेशी कशा मरतात आणि प्रतिकारयंत्रणा त्या मरणाला कसा प्रतिसाद देते, याचा अभ्यास करणाऱ्या बहुतेकांच्या हाती एवढेच साहित्य असते. चिमट्यात सापडल्या क्षणी या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो मरू लागतो. म्हणून या कामातला खरा अवघड भाग अँटिबॉडीचा किंवा मायक्रोस्कोपचा नाही. आजाराने मेलेली पेशी कोणती आणि आपल्या हाताळणीने मेलेली कोणती, हे वेगळे ठेवणे सगळ्यात अवघड.

खालची पद्धत नाशिकमधल्या नेहमीच्या मांडणीला धरून लिहिली आहे: एंडोस्कोपी गंगापूर रोडला, हिस्टोपॅथॉलॉजी शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मोठी यंत्रे पुण्या-मुंबईला. एमडी पॅथॉलॉजीचे विद्यार्थी, हिस्टोचे तंत्रज्ञ आणि म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे प्रबंधाचा आराखडा पाठवण्याच्या तयारीत असलेले, यांच्यासाठी ती आहे.

प्रश्न आधी पक्का करा

'आयबीडीमध्ये पेशीमृत्यूचा अभ्यास' हे प्रबंधाचे नाव होऊ शकते, प्रश्न होऊ शकत नाही. कोण मेले, कुठे मेले आणि कसे मेले, या तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या रंगांनी मिळतात.

आतड्याचा आतला पेशीस्तर तीन ते पाच दिवसांत संपूर्ण बदलतो. अस्तरातल्या बारीक विहिरीसारख्या खळग्याच्या, म्हणजे क्रिप्टच्या, तळाशी नवी पेशी जन्मते, वर सरकते आणि पृष्ठभागावर गळून पडते. हा शांत मृत्यू म्हणजे ॲपॉप्टोसिस. कर, वायली आणि करी यांनी १९७२ साली हे नाव दिले तेव्हा पानगळीसाठीचा ग्रीक शब्द घेतला, आणि तो चपखल बसतो. शेजारच्या पेशी जागा भरून काढतात, मॅक्रोफेज या भक्षक पेशी अवशेष गिळतात आणि गिळताना आयएल-१० व टीजीएफ-बीटासारखे शांतता राखणारे संकेत सोडतात. नेक्रॉप्टोसिसमध्ये उलट होते. आरआयपीके-३ हे एन्झाइम एमएलकेएल या प्रथिनाला फॉस्फेट जोडते, एमएलकेएल पेशीपटलात घुसून ते फाडते आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. सांडलेला ऐवज प्रतिकारयंत्रणेला धोक्याची घंटा वाटतो. गॅसडर्मिन-डी हे प्रथिन ज्यात पेशीपटलाला छिद्रे पाडते तो पायरोप्टोसिस हा तिसरा प्रकार.

पहिल्या दोन वाटांच्या फाट्यावर कॅस्पेस-८ हे एन्झाइम उभे असते. ते काम करत असेल तर ॲपॉप्टोसिस होतो, ते अडले तर नेक्रॉप्टोसिसची वाट मोकळी होते. उंदरांच्या आतड्याच्या पेशीस्तरातून कॅस्पेस-८ काढून टाकल्यावर क्रिप्टच्या तळाशी जंतुनाशक प्रथिने बनवणाऱ्या पॅनेथ पेशी नाहीशा झाल्या आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला दाह झाला, हे २०११ मध्ये दिसले. माणसातही एक्सआयएपी, आरआयपीके-१ किंवा आयएल-१० च्या ग्राहक प्रथिनात जन्मजात दोष असला तर अगदी लहान वयात आतड्याचा तीव्र दाह होतो. सहा वर्षांखालचा रुग्ण तुमच्या यादीत आला तर त्याला मोठ्यांच्या गटात घालू नका.

मात्र मृत्यू नेहमी वाईट नसतो. टीएनएफ हा दाहाचा संकेत अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाच्या परिणामाचा एक भाग असा की आतड्याच्या भिंतीत ठाण मांडून बसलेल्या टी-पेशी मरतात. एटानरसेप्ट हे औषधही टीएनएफ बांधते, पण क्रोन्समध्ये ते उपयोगी पडले नाही. एकाच तुकड्यात पेशीस्तरातला मृत्यू रोग वाढवत असतो आणि त्याखालच्या लॅमिना प्रोप्रिया या थरातल्या टी-पेशींचा मृत्यू रोग आटोक्यात आणत असतो. दोन्ही एकाच आकड्यात मिसळले तर त्या आकड्याचा काहीच उपयोग राहत नाही.

कोलोनोस्कोपीच्या आधी

संशोधनासाठी एक जरी जास्तीचा तुकडा घ्यायचा असेल तरी नैतिकता समितीची (एथिक्स कमिटी) मंजुरी पहिल्या रुग्णाच्या आधी हवी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे हाताशी ठेवा. संमतिपत्र मराठीत लिहिताना 'म्यूकोसल बायोप्सी' असे न लिहिता 'आतड्याच्या आतल्या अस्तराचा तिळाएवढा तुकडा' असे लिहा, आणि नेहमीच्या तपासणीसाठी किती तुकडे व संशोधनासाठी जास्तीचे किती, हे आकड्यात सांगा. सटाणा-कळवणकडून आलेल्या आजींना ते अहिराणीत समजावून सांगणारे कोणी असावे, मालेगावच्या रुग्णासाठी उर्दू प्रत असावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तीचे तुकडे घ्यायचे की नाही हा निर्णय एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांचा.

आता अशी गोष्ट, जिच्यामुळे चांगला चाललेला अभ्यास पाण्यात जातो: पोट साफ करण्याचे औषध. सोडियम फॉस्फेटचे द्रावण पाजले तर निरोगी आतड्यातही क्रिप्टमधल्या ॲपॉप्टोटिक पेशी वाढतात आणि बारीक तोंड आल्यासारखे व्रणही दिसतात. अर्ध्या रुग्णांना एक औषध आणि अर्ध्यांना दुसरे दिले असेल तर तुम्ही आजार नाही, जुलाबाचे औषध मोजत आहात. सगळ्यांना पॉलिएथिलीन ग्लायकॉलच द्या आणि नोंदवहीत त्याचा स्वतंत्र रकाना ठेवा.

औषधांचा रकानाही तितकाच महत्त्वाचा. मायकोफेनोलेट, कर्करोगावरची इम्यून चेकपॉइंट औषधे आणि वेदनाशामक गोळ्या क्रिप्टमधला मृत्यू वाढवू शकतात. सायटोमेगालोव्हायरसचा संसर्गही हा मृत्यू वाढवतो. स्टेरॉइडने लिम्फोसाइट मरतात. 'गुडघेदुखीची गोळी घेता का' हे मुद्दाम विचारा, कारण ती गोळी रुग्ण औषधांत धरतच नाही.

आदल्या दिवशी शौचाचा नमुना घेऊन फीकल कॅल्प्रोटेक्टिन (दाहाची पातळी सांगणारे शौचातले प्रथिन) करून घेतले तर पेशींच्या आकड्याला एक बाहेरचा आधार मिळतो. साधारणपणे ५० मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली शांत, २५० च्या वर दाह सक्रिय. नमुना पोट साफ करण्याचे औषध सुरू होण्यापूर्वीचा हवा.

एंडोस्कोपीच्या खोलीत

निदानासाठी शेवटच्या लहान आतड्यापासून गुदाशयापर्यंत किमान पाच भागांतून प्रत्येकी दोन तुकडे घेण्याची रीत आहे. संशोधनासाठी एकच जागा निवडा आणि ती प्रत्येक रुग्णात तीच ठेवा. आमच्या मते व्रणाच्या कडेचे दोन आणि दिसायला बऱ्या भागातले दोन पुरेत. व्रणाच्या मधोमध घेऊ नका. तिथे पेशीस्तरच शिल्लक नसतो, मग मोजणार काय?

बाटल्या आदल्या दिवशी भरून, लेबल लावून ठेवा. लेबल झाकणावर नको, बाटलीवर हवे. बॉलपेनची शाई झायलीन-अल्कोहोलमध्ये पुसते, पेन्सिलीची नाही.

बाटलीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन. एक लिटरसाठी ३७ ते ४० टक्क्यांचे बाजारी फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ॲनहायड्रस ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे बरणीवरचे 'डायहायड्रेट' न वाचणे. डायहायड्रेट असेल तर वजने सुमारे ४.५ आणि ८.१ ग्रॅम होतात. बफर कमी पडला की फॉर्मॅलिन हळूहळू आम्ल होते, रक्त असलेल्या जागी तपकिरी-काळे कण बसतात आणि ते नंतर डॅबच्या, म्हणजे अँटिबॉडी बसलेली जागा दाखवणाऱ्या रसायनाच्या, तपकिरी रंगासारखे दिसतात. बरणीच्या तळाशी पांढरा साका जमला असेल तर ती बाजूला काढा.

तुकडा चिमट्यातून सुईने ओरबाडू नका. चिमटा बाटलीत बुडवून हलवा, नाहीतर लाकडी टूथपिकने अलगद उचला. दाबलेल्या पेशींची केंद्रके लांबट, काळी आणि ओढलेली दिसतात आणि नवख्याला ती मेलेलीच वाटतात. जमत असेल तर तुकडा फिल्टर पेपरच्या बारीक चौकोनावर कापलेली बाजू खाली, अस्तर वर असा पसरून मग फॉर्मॅलिनमध्ये सोडा. क्रिप्ट उभ्या कापल्या जाव्यात यासाठी एवढा एकच उपाय आहे, आणि पुढची सगळी मोजणी त्यावर उभी आहे. गॉजवर ठेवू नका, तंतूंत अडकून अस्तर सोलते. साध्या पाण्यात तर अजिबात नको, पेशी फुगून फुटतात.

घड्याळाकडे बघा आणि 'चिमट्यातून फॉर्मॅलिनमध्ये' हा वेळ मिनिटांत लिहा. दोन मिनिटांत व्हायला हवे. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही: घड तोडल्यावर प्री-कूलिंगला उशीर झाला की पुढे कितीही चांगले शीतगृह असले तरी देठ हिरवा राहत नाही.

आपल्याकडे आणखी एक काम याच खोलीत करायचे असते. क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा टीएनएफविरोधी औषध सुरू केले आणि आजार निघाला आतड्याचा क्षय, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. इलिओसीकल भागात (लहान आणि मोठे आतडे जुळते तिथे) व्रण असतील तर दोन-तीन तुकडे निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळे घेऊन कल्चर आणि जीनएक्स्पर्ट या क्षयाच्या जनुकीय तपासणीला पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यावर कल्चर होत नाही. मोठे, ४०० मायक्रॉनहून जास्त आकाराचे, एकमेकांत मिसळलेले आणि मध्ये केझिएशन (पनीरसारखा मृत भाग) असलेले ग्रॅन्युलोमा (दाहपेशींच्या गाठी) दिसले तर तो रुग्ण तुमच्या अभ्यासातून बाहेर आणि त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना फोन.

बाटली ते ब्लॉक

फॉर्मॅलिन तुकड्याच्या वीसपट हवे. एवढ्या लहान तुकड्याला ८ ते २४ तास पुरतात. त्याहून कमी वेळात मधला भाग कच्चा राहतो, ४८ तासांपुढे अँटिजेन (अँटिबॉडी बसते त्या जागा) झाकले जाऊ लागतात. अडचण होते ती शनिवारच्या नमुन्यांची. शनिवारी संध्याकाळी आलेली बाटली सोमवारी दुपारपर्यंत तशीच राहते आणि त्या आठवड्याचे डाग फिके येतात. रविवारी कोणी येणार असेल तर २४ तासांनंतर तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. कोणी येणार नसेल तर शनिवारी संशोधनाचा नमुना घेऊच नका. बाटली दुचाकीच्या डिकीतून नेऊ नका. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि बंद डिकी त्याहून तापते.

प्रोसेसिंगमध्ये मेण ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचे, प्लस-चार्ज स्लाइडवर घ्या. साध्या स्लाइडवर घेतले तर अँटिजेन रिट्रीव्हलच्या (झाकलेले अँटिजेन पुन्हा उघडे करण्याच्या) उकळत्या पाण्यात सेक्शन सुटून तरंगते. एका ब्लॉकमधून तीन पातळ्यांवर कापा, दोन पातळ्यांत ५० मायक्रॉन तरी अंतर ठेवा. ॲपॉप्टोटिक पेशीचा अवशेष १० मायक्रॉनपेक्षा लहान असतो. एका सेक्शनमध्ये दिसलेला पुढच्या पातळीवर सापडत नाही आणि तोच दोनदा मोजला जाऊ नये. कापलेल्या स्लाइड दोन-तीन आठवड्यांत रंगवा. फॉस्फेट जोडलेल्या प्रथिनांसाठी त्याहूनही लवकर.

आधी साधी एच अँड ई नीट बघा

अँटिबॉडी महाग असते म्हणून लोक तिच्यावर जास्त विश्वास ठेवतात. ॲपॉप्टोसिस स्वस्तातल्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगाच्या) स्लाइडवरही दिसतो, फक्त डोळा बसवावा लागतो. चाळीसच्या लेन्सखाली क्रिप्टच्या भिंतीत एखादी पेशी शेजाऱ्यांपासून सुटलेली दिसेल, तिच्याभोवती रिकामी पांढरी कड असेल. आतला द्रव आकसून गडद गुलाबी झालेला असतो आणि केंद्रक फुटून दोन-चार गोल, गुळगुळीत, काळेनिळे मणी झालेले असतात. मोहरी सांडावी तसे. हे मणी गोल आणि एकसारखे गडद असतात ही खूण पक्की धरा.

फसवणारे चारजण आहेत. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे खंड बारीक धाग्यांनी जोडलेले असतात आणि त्याला आकसलेला गुलाबी द्रव नसतो. पेशीस्तरात शिरलेल्या लिम्फोसाइटलाही पांढरी कड असते, पण केंद्रक एकच आणि अखंड. इओसिनोफिलमध्ये दोन खंड आणि लालभडक दाणे. पॅनेथ पेशीत दाणे लाल पण केंद्रक तळाशी शाबूत. पॅनेथ पेशी मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला दिसल्या तर ती जुनाट दाहाची खूण असते, तीही नोंदवा.

याच स्लाइडवर दाहाची पातळी नॅन्सी इंडेक्सने ० ते ४ अशी लावून ठेवा. व्रण असेल तर थेट ४. नंतर पेशीमृत्यूचा आकडा याच पातळीच्या समोर मांडायचा आहे.

क्लीव्ह्ड कॅस्पेस-३ चे डाग

क्लीव्ह्ड कॅस्पेस-३ म्हणजे ॲपॉप्टोसिसमध्ये तोडून सक्रिय झालेले एन्झाइम; त्याची अँटिबॉडी मरणारी पेशी दाखवते. पहिला दिवस. स्लाइड ६० अंशांवर एक तास. झायलीन पाच-पाच मिनिटे तीनदा, मग १००, १००, ९५ आणि ७० टक्के अल्कोहोल, शेवटी पाणी. यापुढे शेवटपर्यंत सेक्शन सुकता कामा नये.

रिट्रीव्हल बफर: ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम एक लिटर पाण्यात, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ६.०, ट्वीन-२० अर्धा मिली. ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटे ठेवा, मग भांडे बाहेर काढून त्याच बफरमध्ये २०-३० मिनिटे निवू द्या. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. उघड्या भांड्यात इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे 'शंभरला पोचत नाही' म्हणून वॉटर बाथ दुरुस्तीला टाकू नका. प्रेशर कुकर वापरायचा असेल तर वेळ खूप कमी लागतो, पण मग सगळा अभ्यास कुकरवरच करा. अर्धे नमुने बाथमध्ये आणि अर्धे कुकरमध्ये केले तर तुलना संपली. वाफ अजून दाटलेली असताना कुकर उघडू नका, बफर उसळून सेक्शन निघून येते.

तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटे. दाह असलेल्या आतड्यात न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल भरपूर, त्यांचे स्वतःचे पेरॉक्सिडेज असते. ही पायरी शिळ्या पेरॉक्साइडने केली तर तेच तपकिरी होतात आणि मृत पेशी म्हणून मोजले जातात. मग टीबीएस-ट्वीनने धुणे: ट्रिस ६.०५ ग्रॅम, मीठ ८.७६ ग्रॅम प्रतिलिटर, पीएच ७.६, ट्वीन अर्धा मिली. ब्लॉकिंग एक तास. नंतर प्रायमरी अँटिबॉडी. उत्पादकाच्या पत्रकातले प्रमाण ही फक्त सुरुवात समजा. टॉन्सिलच्या स्लाइडवर १:१००, १:२०० आणि १:४०० करून बघा, पार्श्वभूमी स्वच्छ राहून पेशी ठळक दिसतील ते प्रमाण घ्या. एका सेक्शनला १०० ते १५० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर, ओल्या कागदाच्या बंद डब्यात. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत डब्याचे झाकण सैल असले तर सकाळी कडा वाळलेल्या असतात आणि नेमक्या कडांवर गडद रंग चढतो. असा रंग दिसला तर कडेच्या क्रिप्ट मोजू नका.

दुसरा दिवस. तीनदा धुवा, पॉलिमर-एचआरपी सेकंडरी ३० मिनिटे, पुन्हा धुवा, मग डॅब. डॅब मायक्रोस्कोपखाली बघत चढवा, टॉन्सिलच्या जर्मिनल सेंटरमधले अवशेष ठळक झाले की थांबा, आणि लागलेली वेळ त्या तुकडीतल्या सगळ्या स्लाइडना तेवढीच द्या. हिमॅटॉक्सिलिन ३० सेकंद पुरे. जास्त झाले तर फिका तपकिरी निळ्याखाली दडतो. डॅब कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. हातमोजे घाला, उरलेले द्रावण बेसिनमध्ये न ओतता रासायनिक कचऱ्याच्या डब्यात साठवा.

प्रत्येक तुकडीत टॉन्सिलची एक स्लाइड आणि प्रायमरीशिवायची एक स्लाइड हवीच. टॉन्सिल रंगले नाही तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द. रुग्णाच्या स्लाइड कितीही सुंदर दिसत असल्या तरी.

टनेल आणि एमएलकेएल

टनेल ही चाचणी तुटलेल्या डीएनएची टोके रंगवते. ती टोके ॲपॉप्टोसिसमध्ये असतात, नेक्रोसिसमध्येही असतात आणि फॉर्मॅलिनला उशीर झाल्याने सडलेल्या पेशीतही असतात. म्हणून 'टनेल पॉझिटिव्ह म्हणजे ॲपॉप्टोसिस' हे वाक्य प्रबंधात लिहू नका. ते कॅस्पेस-३ च्या शेजारच्या सेक्शनवर करा. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर ॲपॉप्टोसिस. टनेल पॉझिटिव्ह आणि कॅस्पेस-३ निगेटिव्ह असेल तर दुसरा कुठला तरी मृत्यू, किंवा तुमचा उशीर. प्रोटिनेज-के २० मायक्रोग्रॅम प्रतिमिली, १५ मिनिटे. यात पाच मिनिटे जास्त झाली तरी अस्तर विरघळल्यासारखे दिसते आणि सगळीच केंद्रके रंगतात. डीएनएज दिलेली एक स्लाइड पॉझिटिव्ह कंट्रोल, टीडीटी एन्झाइमशिवायची एक निगेटिव्ह.

नेक्रॉप्टोसिससाठी फॉस्फो-एमएलकेएल, माणसात सेरीन ३५८ चे. उंदरासाठीची अँटिबॉडी सेरीन ३४५ ची असते, मागणी देताना हे तपासा. फॉस्फेट क्षणभंगुर असते, तुकडा उघडा राहिला की पेशीतलेच फॉस्फटेज ते काढून टाकतात. निगेटिव्ह निकालावर विश्वास ठेवायचा तर पॉझिटिव्ह कंट्रोल तगडा हवा. एचटी-२९ या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींना टीएनएफ २० नॅनोग्रॅम प्रतिमिली, स्मॅक मिमेटिक आणि झेड-व्हॅड २० मायक्रोमोलर एकत्र देऊन सहा-आठ तासांनी गोळा करा, त्याच फॉर्मॅलिनमध्ये फिक्स करून सेल ब्लॉक बनवा. पेशीसंग्रह पुण्याच्या एनसीसीएसमध्ये (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) आहे. हा ब्लॉक एकदा बनला की वर्षभर पुरतो.

प्रतिकारयंत्रणेची बाजू

सीडी-३ (सगळ्या टी-पेशी), सीडी-८ (मारक टी-पेशी) आणि फॉक्सपी-३ (नियामक टी-पेशी) या तीन खुणा पुरतात. फॉक्सपी-३ ला सायट्रेट सहसा मानवत नाही, ट्रिस १.२१ ग्रॅम, ईडीटीए ०.३७ ग्रॅम प्रतिलिटर, पीएच ९.० वापरा. रंग केंद्रकातच हवा, बाहेर पसरला असेल तर मोजू नका.

निष्कर्ष काढताना इथे बरेचजण घसरतात. फॉक्सपी-३ नियामक टी-पेशींची खूण आहे, म्हणून दाह असलेल्या आतड्यात त्या कमी असतील असे वाटते. प्रत्यक्षात आयबीडीच्या रुग्णांच्या रक्तात त्या कमी आणि सुजलेल्या अस्तरात निरोगी अस्तरापेक्षा जास्त आढळतात. शिवाय माणसाच्या साध्या टी-पेशीही चेतवल्या गेल्या की काही काळ फॉक्सपी-३ दाखवतात. त्यामुळे नुसती संख्या देऊ नका. फॉक्सपी-३ चे सीडी-३ शी प्रमाण द्या, आणि त्या पेशी क्रिप्टपासून किती दूर आहेत तेही.

'प्रति हाय पॉवर फील्ड' (चाळीसच्या लेन्सखाली एका वेळी दिसणारे वर्तुळ) असेही लिहू नका. आयपीसवर फील्ड नंबर २२ असेल तर चाळीसच्या लेन्सखाली क्षेत्र ०.२४ चौरस मिलिमीटर, २० असेल तर ०.२० आणि १८ असेल तर ०.१६. विभागातल्या दोन मायक्रोस्कोपमध्येच दीडपट फरक पडतो. आकडा प्रति चौरस मिलिमीटर द्या.

मोजणी

स्लाइडवरचे नाव दुसऱ्या कोणाकडून तरी चिकटपट्टीने झाकून घ्या. मोजणाऱ्याला निदान माहीत नसावे. ज्या क्रिप्टचा तळ आणि तोंड दोन्ही एकाच सेक्शनमध्ये दिसतात तीच मोजा. एका तुकड्यात अशा सलग दहा तरी हव्यात, नसतील तर पुढची पातळी कापा. क्रिप्टचे तीन भाग करा. पृष्ठभागावरचा मृत्यू रोजचा आहे, तो वेगळ्या रकान्यात. खालच्या दोन भागांतला मृत्यू निरोगी आतड्यात क्वचित दिसतो, तिथलाच आकडा १०० क्रिप्टमागे किती असा द्या. मॅक्रोफेजने गिळलेले अवशेष, क्रिप्टच्या पोकळीतले न्यूट्रोफिल आणि लॅमिना प्रोप्रियातल्या मेलेल्या पेशी पेशीस्तराच्या आकड्यात नकोत. पेशीस्तराचीच पेशी आहे का अशी शंका राहिली तर एम-३० अँटिबॉडी कामी येते. ती कॅस्पेसने तोडलेले केराटिन-१८ ओळखते, आणि ते लिम्फोसाइटमध्ये नसते.

स्लाइडपैकी पाचवा हिस्सा दुसऱ्या निरीक्षकाकडून मोजून घ्या. आणि संख्याशास्त्राकडे जाताना लक्षात ठेवा: २० रुग्णांच्या ४०० क्रिप्ट म्हणजे ४०० नमुने नव्हेत, २० नमुने.

जिवंत पेशी हव्या असतील तर

फ्लो सायटोमेट्रीवर (सुट्या पेशी एकेक मोजणारे यंत्र) ॲनेक्सिन-व्ही (मरणाऱ्या पेशीला चिकटणारे प्रथिन) करण्याचा मोह होतो. टी-पेशींसाठी ते चालते, पेशीस्तरासाठी आमचा स्पष्ट नकार. ईडीटीएने आधारपटलापासून सोडवलेली आतड्याची पेशी आधार सुटला म्हणूनच मरू लागते; या मृत्यूला अनॉइकिस म्हणतात. ट्यूबमध्ये जो आकडा येतो तो तुमच्या पिपेटचा असतो. टी-पेशींसाठीही ईडीटीए नीट धुऊन काढावे लागते, कारण ॲनेक्सिन कॅल्शियमशिवाय चिकटत नाही. बाइंडिंग बफर: हेपेस १० मिलिमोलर, सोडियम क्लोराइड १४०, कॅल्शियम क्लोराइड २.५, पीएच ७.४. रंगवल्यापासून तासाभरात यंत्रावर. नाशिक ते पुणे दोनशेहून जास्त किलोमीटर, रस्ता मोकळा असला तरी चार-पाच तास. ताज्या पेशींसाठी हा प्रवास झेपणारा नाही. आरएनए मात्र झेपतो. तुकडा पाचपट आरएनए-लेटरमध्ये, रात्रभर ४ अंशांवर, मग द्राव काढून उणे ८० ला ठेवून ड्राय आइसवर पाठवा. खोका थर्माकोलचा घ्या, पण झाकण हवाबंद करू नका. ड्राय आइसच्या वायूला वाट हवी.

सगळे आकडे हाती आल्यावर, निदान बंद ठेवलेली पाकिटे उघडण्याआधी, एक साधा आलेख काढा. आडव्या अक्षावर चिमट्यातून फॉर्मॅलिनमध्ये जायला लागलेली मिनिटे, उभ्या अक्षावर १०० क्रिप्टमागे मेलेल्या पेशी. ठिपके विस्कटलेले असतील तर पुढे जा. मिनिटांबरोबर ठिपके वर चढत असतील तर उशिराचे नमुने वगळा. किती मिनिटांपुढचे वगळायचे हे तिथेच, पाकिटे बंद असतानाच ठरवा, नोंदवहीत तारखेसह लिहा आणि दोघांनी सही करा.